तुमचा ‘ओके’ नेमका कुठला?

फोन हातात आहेच, तर एक काम करा. आज दिवसभरात कुणाकुणाला ‘ओके’ पाठवलाय, ते जरा वर सरकवून बघा. प्रॅक्टिकलची वेळ बदलली, ओके. आईनं विचारलं, शनिवारी गावाकडं येतोयस न्हवं, ओके. मित्र म्हणाला, तासाभरासाठी तुझी गाडी नेतो, ओके. मेसच्या मावशींनी कळवलं, या महिन्यापासून दोनशे रुपये वाढवलेत, ओके. आणि कुणाशी तरी बिनसलंय, त्या माणसानं लांबलचक मेसेज लिहिलाय, त्याच्या खाली तुम्ही नुसता ‘ओके’ टाकून फोन पालथा ठेवलाय.

पाचही ठिकाणी शब्द एकच. आता अर्थ लावा. पहिला ‘ओके’ म्हणजे कळलं. दुसरा म्हणजे बघू, आत्ता वाद नको. तिसरा म्हणजे तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून ने. चौथा म्हणजे न देऊन जातोय कुठं. पाचवा म्हणजे विषय बंद. यातल्या एकाही ‘ओके’चा अर्थ ‘मला हे मनापासून मान्य आहे’ असा नाही. पण समोरच्यांपैकी निदान चौघांनी तो तसाच घेतलाय.

परीक्षांच्या तारखा, सीईटी, भरती एवढं सगळं पडलेलं असताना युवा पानाला ‘ओके’ कुठून सुचला, असं कुणी विचारेल. विचारू दे. तुमच्या वयात आयुष्यातले बरेच निर्णय याच दोन अक्षरांवर होतात आणि ते झालेत हे आपल्याला नंतर कळतं.

तसं बघितलं तर कोल्हापूरला पसंतीच्या शब्दांचा दुष्काळ कधीच नव्हता. लय भारी, जगात भारी, नाद खुळा, काटा किर्र, झ्याक. ‘लय भारी’ तर २०१४ साली सिनेमाचं नाव होऊन राज्यभर फिरलं. ‘विषय हार्ड’मधला ‘हार्ड’ इंग्रजीच, पण इंग्रजीत तो कठीण असतो आणि आपल्याकडं आला की कौतुक होतो. असला खजिना असताना ‘ओके’ला आपल्याकडं कौतुकाच्या रांगेत उभंसुद्धा राहू देत नाहीत. पाहुण्याला मिसळ खायला घातली, कशी झाली विचारलं आणि तो म्हणाला, “ओके होती”, तर खाऊ घालणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. नवीन सिनेमा ‘ओके’ म्हणजे तिकिटाचे पैसे गेले. खासबाग मैदानात पैलवानानं ढाक मारली आणि वरच्या पायरीवरून कुणी “ओके, ओके” म्हणून ओरडलं, तर आजूबाजूचे लोक कुस्ती सोडून त्याच्याकडं बघत बसतील. तिथं ‘शाब्बास रे पठ्ठ्या’च लागतं.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. ॲलन मेटकाफ नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं २०१० साली या एका शब्दावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा, की ‘ओके’ मान डोलावतो, पण गुण देत नाही. विमान ओके उतरलं म्हणजे उतरलं. सुंदर उतरलं की धडपडत, याबद्दल तो शब्द काही बोलत नाही.

त्याचा जन्मही अशाच एका टवाळीतून झाला. बॉस्टन शहरात १८३० च्या दशकात वर्तमानपत्रवाल्यांना एक खूळ लागलं होतं. शब्दांचं स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं आणि त्या चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं छापायची. ‘ऑल करेक्ट’चं त्यांनी ‘ऑल’ला ओ आणि ‘करेक्ट’ला के लावून ‘ओके’ केलं. २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ते छापलेलं सापडतं. तेव्हा मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघत होतं, म्हणजे काळाचा अंदाज येईल. बाकीच्या तसल्या चावट आद्याक्षरांचं वर्षा-दोन वर्षांत मढं निघालं. हे वाचलं, कारण १८४० मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन पुन्हा निवडणुकीला उभे राहिले. त्यांचं गाव किंडरहूक, म्हणून समर्थकांनी त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’, म्हणजे पुन्हा ओके, करून टाकलं आणि ओके क्लब काढले. व्हॅन ब्यूरन पडले, शब्द निवडून आला. पुढं तारयंत्रवाल्यांनी तो उचलला. निरोप पोहोचला, एवढं कळवायला दोन अक्षरं त्यांना सोयीची होती. हा सगळा माग १९६० च्या दशकात ॲलन वॉकर रीड या भाषाशास्त्रज्ञानं जुनी वर्तमानपत्रं चाळून काढला.

तारयंत्रवाल्यांचा तो ‘ओके’ लक्षात ठेवा. निरोप पोहोचला, एवढाच त्याचा अर्थ. निरोप पटला, असा नाही.

आपल्याकडं येऊन मात्र या शब्दाचं नशीब फळफळलं. आपण त्याला मराठी क्रियापदं लावली. सरांनी प्रोजेक्ट ओके केला, लोनचं ओके झालं, साहेबांचा ओके आला. मग जोर द्यायचा असला की मराठी माणूस जे करतो तेच केलं. मोठंचं मोठ्ठं होतं, इतकंचं इत्तकं, सगळंचं सग्गळं, तसं ओकेचं ‘ओक्के’ झालं. ट्रकांच्या मागं ‘हॉर्न ओके प्लीज’ होऊन तो देशभर फिरला. २०१५ साली राज्याच्या परिवहन खात्यानं ते लिहायला बंदी घातली, लोक उगाच हॉर्न वाजवतात म्हणून. आणि २०२२ च्या जूनमध्ये सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलले. झाडी, डोंगार, हाटील आणि शेवटी ते ‘ओक्के’. आठवड्याच्या आत लग्नाच्या वरातीपासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत तेच सुरू होतं. दोन महिन्यांनी, ऑगस्टच्या अधिवेशनात, विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर त्याच ‘ओक्के’ला खोक्यांचं यमक जोडलं. जूनमधली शाबासकी ऑगस्टमध्ये आरोप झाली. शब्द तोच.

तेव्हा हा शब्द परका आहे, तो टाकून द्या, असलं काही आम्ही सांगणार नाही. होकाराच्या बाबतीत मराठी पहिल्यापासून उसनवारीवरच जगत आलीय. कबूल आणि मंजूर अरबीतून आले, पसंत फारसीतून. ज्या ‘शाब्बास’वर आपल्या कुस्तीची सगळी मदार, तोसुद्धा फारसी ‘शाद बाश’, म्हणजे खूश राहा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, दरबारातल्या कितीतरी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले, तरी कबूल आणि मंजूर लोकांच्या तोंडातून हलले नाहीत. त्यांच्या शेजारी ‘ओके’ बसला तर बिघडलं कुठं?

बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ‘ओके’ आला आणि त्यानं शेजाऱ्यांची घरं बळकावली. पूर्वी आपल्याकडं ऐकलं हे सांगायला ‘बरं’ होतं, ऐकतोय हे सांगायला ‘हं’. समजलं तर ‘कळलं’, मनाला लागू पडलं तर ‘पटलं’. फारसा आनंद नाही पण हरकतही नाही, तिथं ‘चालेल’. अंगावर घेतलं तर ‘जमंल’. शब्द दिला तर ‘ठरलं’. आणि टाळायचं असलं तर ते अमर ‘बघतो की’. ही सगळी माणसं वेगवेगळी होती, एकाच्या जागी दुसरं चालत नव्हतं. ‘कळलं, पण पटलं नाही’ हे वाक्य मराठीत बोलायला किती सोपं आहे बघा. आता हेच ‘ओके’मध्ये बोलून दाखवा.

‘ओके’चा नीट वापर बघायचा असेल तर शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जा. आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. मशीनवर नवीन काम लावलं की पहिला नग तपासायला जातो. ड्रॉइंग समोर असतं, माप कुठून कुठपर्यंत चालेल हे त्यावर लिहिलेलं असतं. भोकात गेजची एक बाजू गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. दोन्ही जमलं तर फर्स्ट पीस ओके, आणि तपासणाऱ्याची सही. त्या सहीशिवाय पुढचा लॉट चालू होत नाही. उद्या माल परत आला तर ओके कुणी दिला, हे कागदावर सापडतं. आणखी एक गोष्ट तिथं आहे. ओकेच्या पलीकडं एकदम ‘रिजेक्ट’ नसतं. मध्ये ‘रीवर्क’ असतं. एवढं काढा, मग चालेल.

आपल्या ग्रुपवर गेज नाही, सही नाही आणि रीवर्क तर अजिबात नाही. हो म्हणा नाहीतर वाईट व्हा, एवढंच. मग माणसं ‘ओके’ म्हणतात.

याचा हिशेब कधीतरी पैशात होतो. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातली गोष्ट आहे. २०२१ मध्ये एका धान्य खरेदी कंपनीनं एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो मोबाईलवर पाठवला आणि कन्फर्म कर म्हणून लिहिलं. शेतकऱ्यानं अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. नोव्हेंबरमध्ये जवस काही आला नाही, तोवर भाव चढले होते. कंपनी कोर्टात गेली. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे फोटो मिळाला, एवढंच. करार अजून वाचायचा होता. कोर्टानं त्याच्या आधीच्या व्यवहारांचे मेसेज काढले. तिथं त्यानं ‘ओके’, ‘यप’ अशीच एकेका शब्दाची उत्तरं दिली होती आणि त्या प्रत्येक वेळी माल पोहोचवला होता. म्हणजे या दोघांमध्ये असल्या उत्तराचा अर्थ ‘ठरलं’ असाच होता. २०२३ च्या निकालात त्याला ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितलं. २०२४ मध्ये अपिलातही ते कायम राहिलं.

तारयंत्राचा ‘ओके’ आणि सौद्याचा ‘ओके’ यांच्यातला फरक असा लाखांत गेला.

आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी ऊस आहे, गूळ आहे, दोन म्हशी आहेत, आणि व्यापाऱ्याचे मेसेज घरातल्या शिकलेल्या पोरानंच वाचायचे असतात. त्यांनी ही गोष्ट घरी सांगावी. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम १०-अ आहे. केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गानं झाला म्हणून करार बाद होत नाही, असं ते सांगतं. आणि त्याच्याही कितीतरी आधीचा, १८७२ चा भारतीय करार कायदा आहे. त्याच्या तेराव्या कलमात संमतीची व्याख्या आहे ती वकिली न शिकणाऱ्यांनीही पाठ करावी अशी. दोन माणसं एकाच गोष्टीला, एकाच अर्थानं राजी झाली, तर ती संमती. एकच गोष्ट पुरत नाही, अर्थही एकच लागतो. दीडशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्यांनी मोबाईल पाहिला नव्हता, पण माणसं पाहिली होती.

आता ही व्याख्या घेऊन घरी या.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला स्थळ सांगून येतं. मुलगा पुण्यात आहे, पॅकेज बरं आहे, शेती आहे. कांदेपोहे होतात. पाहुणे गेल्यावर आत्या विचारते, “कसा वाटला गं पोरगा?” मुलगी म्हणते, “ओके आहे.” खासबागेचा, मिसळीचा न्याय लावला तर याचा अर्थ काय होतो हे आत्यालाही ठाऊक आहे. हीच मुलगी साडी आवडली तर ‘कसली भारी आहे’ म्हणून दुकान डोक्यावर घेते. पण त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी ‘ओके’ ऐकलेला असतो आणि तेवढा पुरतो. पोरीची काही हरकत नाही, असं पाहुण्यांना कळवलं जातं. आठवड्यात तारीख निघते, महिन्यात हॉल बुक होतो. मग तिनं कधी तोंड उघडलं की उत्तर तयार असतं, “तूच तर ओके म्हणालीस.”

ती खोटं बोलली नव्हती. तिनं ‘बघितला’ एवढंच सांगितलं होतं. घरच्यांनाही दुष्ट ठरवायचं कारण नाही, त्यांना हवं ते उत्तर मिळालं म्हणून ते पुढं विचारायला थांबले नाहीत. असले ‘ओके’ नेहमी कमी ताकदवाल्या माणसाच्या तोंडून येतात, हे मात्र ध्यानात घ्या. विद्यार्थी सरांना म्हणतो, सून सासूला, नवा मुलगा मालकाला, ज्युनियर सिनियरला. त्यांच्यासाठी ती ढाल असते, पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून धरलेली. वरचा माणूस ‘ओके’ म्हणतो तेव्हा तो शिक्का असतो. शब्द एक असल्यामुळं वरच्याला वाटतं खालच्यानंही शिक्काच मारलाय.

लग्नसराईत केटरिंगच्या कामाला जाणाऱ्या मुलांना हे वेगळ्या तऱ्हेनं कळतं. “किती देणार?” विचारलं तर “देतो की, बघू संध्याकाळी” असं उत्तर येतं, त्यावर ही पोरं म्हणतात “ओके”. सकाळी दहापासून रात्री बारापर्यंत वाढपी म्हणून उभं राहून हातात जे पडतं, त्यावर भांडायला जागा उरत नाही, कारण आकडा बोललाच गेलेला नसतो. कामाला जायच्या आधी एक मेसेज टाकला, ‘दादा, इतके रुपये, इतके वाजेपर्यंत, जेवण धरून, ठरलं न्हवं?’ आणि त्यावर दादांचा ‘ओके’ मिळवला, तर तो तुमच्या बाजूचा ओके झाला. दादा तो देतील न देतील, पण न देणारा दादा निदान सकाळीच कळेल.

एक जागा अशी आहे, की तिथं थट्टा बाजूला ठेवून बोललं पाहिजे. प्रेमात पडलेल्या, सोबत फिरणाऱ्या, एकमेकांच्या जवळ येणाऱ्या मुलामुलींमध्ये ‘ती ओके होती’ हे वाक्य फार सहज वापरलं जातं. कायदा ते तितकं सहज घेत नाही. पूर्वीच्या दंड संहितेत २०१३ साली संमतीची व्याख्या घातली गेली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही ती आहे. संमती म्हणजे स्पष्ट आणि स्वेच्छेनं दिलेली तयारी, आणि तीही त्या विशिष्ट कृतीसाठी. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली, असं धरता येत नाही, हेसुद्धा तिथं लिहिलंय. भेटायला येण्याचा ओके हा फक्त भेटायला येण्याचा असतो. फोटो काढायचा ओके फोटो दुसऱ्याला पाठवायचा नसतो. शंका आली तर विचारायचं, आणि उत्तर ‘ओके…’ असं लांबलेल्या, खालच्या आवाजात आलं, तर ते उत्तर ‘नको’ धरायचं. यात कुणाचा कमीपणा नाही.

मोबाईलच्या पडद्यावरच्या ओकेबद्दल थोडक्यात. ॲप उघडताना कॉन्टॅक्ट, फोटो, लोकेशन, सगळ्याला आपण पटापट अंगठा लावत सुटतो. झटपट कर्जाच्या ॲपवर सेकंडात दिलेला असला ओके पुढं ओळखीच्या प्रत्येक नंबरवर वसुलीचे फोन जाण्यापर्यंत पोहोचतो. २०२३ साली आपल्या संसदेनं वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं आहे, पण त्यातली एक तरतूद मराठी माणसानं विसरू नये अशी आहे. माहिती कशासाठी घेताय ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय तुम्हाला मिळाली पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा पुढं कधी असली सूचना मराठीत आली, तर ती आधी वाचा, बटण नंतर दाबा. भाषेसाठी मोर्चे काढणाऱ्यांनी हे एवढं केलं तरी मराठीचं पुष्कळ भलं होईल.

यावर उपाय म्हणून तुमच्याकडून ‘ओके’ काढून घ्यावा, असं आम्हाला वाटत नाही. प्रॅक्टिकल साडेदहाला आहे, याला ‘ओके’सारखं उत्तर नाही. तो तिथला राजा आहे. पण वेळ, पैसा, अंग किंवा आयुष्य द्यायची गोष्ट असेल, तिथं ‘ओके’च्या पुढं एक मराठी क्रियापद जोडून बघा. ओके, कळलं. ओके, येतो. ओके, पण शनिवारी न्हाई, रविवारी येतो. गाडी नेणाऱ्या मित्राला, ओके, सहापर्यंत आणून दे. लिहायला चार सेकंद जास्त लागतात. मेसच्या मावशींना, दोनशे जड जातात, शंभरावर भागवता काय? हे आपलं रीवर्क. मावशी नाही म्हणाल्या तर दुसरी मेस शोधायला आठवडा हातात राहील.

आणि मराठीत ‘नको’ नावाचा एक शब्द आहे, तो शिल्लक पडून गंजायला लागलाय. ‘नाही’ तोंडावर आपटतो, ‘नको’ आपटत नाही. जेवायला आग्रह करणाऱ्या काकूंनाही तो चालतो. त्याच्या तोडीचा शब्द इंग्रजीत एका शब्दात सापडत नाही, आणि ज्यांच्याकडं तो आहे त्यांनी नाही म्हणायच्या जागी ‘ओके’ म्हणावं, हे आम्हाला जरा उधळपट्टीचं वाटतं.

प्राध्यापकांना, घरच्या मोठ्यांना, क्लासवाल्यांना आणि ग्रुप ॲडमिनना एक विनंती. साठ ओके आले म्हणजे साठ होकार आले, असं धरू नका. सहलीला साठ ओके आणि बसमध्ये बावीस पोरं, हा अनुभव तुम्हाला असेलच. ‘ओके’च्या पुढं एकदा ‘म्हणजे?’ असं विचारायची सवय ठेवा, आणि उत्तर ‘नको’ आलं तर विचारणाऱ्यानं तोंड वाकडं करू नये. मुलं खरं का बोलत नाहीत याचा अर्धा जाब त्या वाकड्या तोंडानं दिला पाहिजे.

बाकी, चंदगड, गडहिंग्लज, राधानगरी, निपाणी, बेळगावकडून इथं शिकायला आलेल्यांनी आम्हाला एक कळवावं. तुमच्या आजीला एखादी गोष्ट कळली आहे, पण पटली नाही, तर ती नेमकं काय म्हणते? जसं म्हणते तसंच लिहून पाठवा. पुढच्या आठवड्यात याच पानावर छापू.